पक्षपाती सुनावणीच्या भीतीने सत्र खटला दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करून घेणे: अर्ज कुठे करायचा, पुरावा कोणता लावायचा?

तालुका_कोर्ट

नमस्कार मंडळी. खुनाचा सत्र खटला आहे, भादंवि 302 सह 34. तालुक्याच्या ठिकाणी अतिरिक्त सत्र न्यायाधीशांसमोर चालू आहे आणि आरोप जानेवारी 2024 मध्ये निश्चित झाले. मूळ फिर्यादीतर्फे सरकारी वकिलांना साहाय्य करण्यासाठी वकीलपत्र दाखल आहे.

सद्यस्थिती अशी: दोन्ही पंच फितूर झाले. एक प्रत्यक्षदर्शी साक्षीदारही फितूर झाला. त्याला फितूर घोषित करून घेतलं, पण उलटतपासात दोनच प्रश्न विचारले गेले. त्याचा दंडाधिकाऱ्यांसमोरचा कलम 164 चा जबाब त्याला दाखवलाही नाही. मुख्य आरोपी जामिनावर आहे, स्थानिक राजकारणात वजनदार आहे आणि तारखेला कोर्टाच्या आवारात त्याची माणसं गर्दी करतात. मृताच्या भावाची साक्ष पुढच्या महिन्यात आहे. तो घाबरलेला आहे. घरच्यांचं म्हणणं, न्यायाधीशही त्यांच्याच बाजूचे आहेत, कारण जामीन त्यांनीच दिला.

खटला जिल्ह्याबाहेर वर्ग करून हवा आहे. आधी सत्र न्यायाधीशांकडे जायचं की थेट उच्च न्यायालयात? जुनं कलम लावायचं की नवं? आणि एवढ्या साहित्यावर अर्ज टिकेल का?

रोजनामा

क्रमाने घेऊ.

कलम आधी. तुमचा खटला 1 जुलै 2024 पूर्वीपासून, म्हणजे नवी संहिता लागू होण्याआधीपासून, प्रलंबित आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 531 नुसार असे खटले जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेच पुढे चालतात. म्हणजे तुमच्यासाठी खटला वर्ग करण्याची कलमं 406, 407, 408. नव्या संहितेत हीच कलमं अनुक्रमे 446, 447, 448 झाली आहेत. मथळ्यात जुनं कलम लिहून पुढे 'सह कलम 447' असं जोडून द्या. नोंदणी विभागात हरकत निघत नाही आणि सुनावणीत त्यावर वेळ जात नाही.

आता कुठे जायचं. ते तुम्ही काय मागता यावर ठरतं. तालुक्याचं अतिरिक्त सत्र न्यायालय आणि जिल्ह्याचं मुख्य सत्र न्यायालय एकाच सत्र विभागात येतात. खटला फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी हलवून हवा असेल तर आधी 408 खाली प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडेच अर्ज करावा लागतो. तो त्यांनी फेटाळल्याशिवाय उच्च न्यायालयात अर्ज चालत नाही. 407(2) च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अटीत) हे स्पष्ट आहे. जिल्ह्याबाहेर हवा असेल तर ही पायरी नाही, कारण सत्र न्यायाधीशांना आपल्या विभागाबाहेर खटला पाठवण्याचा अधिकारच नाही. तिथे थेट उच्च न्यायालय. राज्याबाहेर हवा असेल तर 406 आणि सर्वोच्च न्यायालय.

इथे नेहमी होणारी गफलत: अर्जात मुख्य मागणी 'जिल्ह्याबाहेर' आणि पर्यायी मागणी 'किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी'. ही पर्यायी मागणी दिसली की समोरचा वकील लगेच परंतुक दाखवतो आणि आधी सत्र न्यायाधीशांकडे जा म्हणतो. जिल्ह्याबाहेर का हवं याची कारणं पक्की असतील तर पर्यायी मागणी टाकूच नका.

अर्ज ज्या खंडपीठाखाली तो जिल्हा येतो तिथेच दाखल करायचा. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेले आहेत. जुन्या सवयीने या जिल्ह्यांतला अर्ज मुंबईला पाठवू नका.

408 आणि 409 यांचीही गल्लत होते. 409 खाली सत्र न्यायाधीश अतिरिक्त सत्र न्यायाधीशांकडचा खटला परत मागवू शकतात, पण सुनावणी सुरू होण्यापूर्वीच. तुमच्याकडे साक्षी सुरू आहेत, त्यामुळे ते दार बंद आहे. 408 ला ही मर्यादा नाही.

निशाणी_पाच

रोजनामा यांनी जागा सांगितली, मी पुराव्याकडे वळतो. अर्ज पडतो तो बहुतेक वेळा इथेच.

कसोटी 1966 च्या गुरचरण दास चढ्ढा विरुद्ध राजस्थान निकालात आहे. न्याय मिळणार नाहीच हे सिद्ध करायची गरज नाही. मनात भीती आहे आणि परिस्थिती पाहता ती वाजवी आहे, एवढं दाखवायचं. पण नुसतं 'आम्हाला भीती वाटते' चालत नाही. वाजवी आहे की नाही हे कोर्ट ठरवतं. 1979 च्या मनेका गांधी विरुद्ध राणी जेठमलानी प्रकरणात खटला मुंबईहून दिल्लीला हलवायला नकार मिळाला, कारण अतिसंवेदनशीलता किंवा एका पक्षाची सोय हा निकष धरता येत नाही. 2010 च्या नाहर सिंह यादव निकालाने विचारात घ्यायच्या बाबी एकत्र मांडल्या. सरकार पक्षाने आरोपीशी हातमिळवणी केल्याची चिन्हं, साक्षीदारांवर दबाव किंवा फिर्यादीला इजा होण्याचा धोका, सर्वांची तुलनात्मक गैरसोय आणि सरकारी तिजोरीवरचा प्रवासखर्च, तापलेलं जातीय वातावरण, आणि न्यायप्रक्रियेत ढवळाढवळ करणाऱ्यांबद्दल ठोस साहित्य. तुमच्या अर्जाचे परिच्छेद याच क्रमाने लावा.

तुमच्याकडे यातल्या पहिल्या दोन बाबी आहेत आणि त्यातली सरकारी वकिलांबद्दलची जास्त मजबूत आहे. तुम्हाला तिची किंमत पुरती कळलेली दिसत नाही. फितूर झालेला साक्षीदार रोजच दिसतो. नुसत्या फितुरीवर खटला हलत नाही. पण 164 चा जबाब अभिलेखावर असताना पुरावा कायद्याच्या 145 खाली त्यातला एकेक मजकूर साक्षीदारापुढे ठेवलाच नाही, ही गोष्ट साक्षीच्या कागदावरूनच दिसते. तिला शपथपत्राचीही गरज नाही. म्हणून एक तक्ता करा. डाव्या बाजूला 164 च्या जबाबातलं वाक्य, मधे साक्षीत तो काय म्हणाला, उजवीकडे उलटतपासात विचारलेला प्रश्न. उजवा रकाना जवळजवळ रिकामा दिसेल. न्यायमूर्तींना हे पान एका नजरेत समजतं.

के. अनबळगन प्रकरणात, 18 नोव्हेंबर 2003 रोजी, जयललितांचा बेहिशेबी मालमत्तेचा खटला चेन्नईहून बंगळुरूला गेला तो याच रस्त्याने. सत्ताबदलानंतर 76 साक्षीदार पुन्हा बोलावले गेले, त्यातले 64 आधीच्या साक्षीवरून फिरले आणि सरकारी वकिलांनी ना विरोध केला, ना त्यांना फितूर ठरवलं. न्यायाधीशांवर शिंतोडे उडवायची वेळच आली नाही.

सोबत या गोष्टी जमवा. रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार कामकाजाच्या नोंदीच्या, प्रमाणित नकला. ई-कोर्टाची छापील पानं माहितीपुरती ठीक, जोडपत्र म्हणून नक्कलच लावा. सर्व साक्षींच्या नकला. धमकीबद्दल पोलिसांकडे दिलेले अर्ज, पोच शिक्क्यासह. गर्दीबद्दल त्याच दिवशी कोर्टात दिलेला लेखी अर्ज आणि त्यावरचा आदेश. हा शेवटचा कागद बहुतेकांकडे नसतो. लोक कोर्टाबाहेर चर्चा करतात, कोर्टात कागद देत नाहीत, आणि वर्षभराने शपथपत्रात लिहितात की दर तारखेला पन्नास माणसं यायची. समोरून एकच प्रश्न येतो: तेव्हा तक्रार का केली नाही? त्याला उत्तर नसतं. पुढच्या तारखेला गर्दी असेल तर तिथल्या तिथे अर्ज द्या, निशाणी क्रमांक (अभिलेखातला कागदाचा नोंद क्रमांक) पडू द्या, आवारातल्या सीसीटीव्हीचं त्या दिवसाचं चित्रण जतन करण्याची मागणी त्याच अर्जात घाला. चित्रण ठरावीक दिवसांनी पुसलं जातं.

शपथपत्र ज्याला धमकी आली त्यानेच करायचं. तारीख, वेळ, जागा, कोण बोललं, नेमके शब्द. 'आरोपीच्या माणसांनी वेळोवेळी धमकावले' या वाक्याचा काडीचा उपयोग नाही.

बचावाची_बाजू

आरोपीतर्फे अशा अर्जांना विरोध कसा होतो ते सांगतो. म्हणजे कच्चे दुवे दिसतील.

पहिला हल्ला न्यायाधीशांवरच्या आरोपावर होतो. 'जामीन दिला म्हणून पक्षपाती' हे वाक्य अर्जात असलं की आमचं निम्मं काम होतं. जामीन चुकीचा वाटला तर त्याला आव्हान देण्याचा मार्ग होता, अटी मोडल्या तर 439(2) खाली रद्द करून घेण्याचा मार्ग आहे. विरोधात गेलेला आदेश म्हणजे पूर्वग्रह नव्हे. कुटुंबाचा राग समजण्यासारखा आहे, पण तो मजकुरात उतरवायचा नाही. धोका तुम्हालाही आहे: एम. वाय. शरीफ विरुद्ध नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश या 1954 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वर्ग करण्याच्या अर्जात न्यायाधीशांची बदनामी करणाऱ्या मजकुरावर प्रथमदर्शनी आधार न तपासता सही करणारा वकीलही न्यायालयाच्या अवमानाला जबाबदार ठरतो. न्यायाधीशांचा वैयक्तिक हितसंबंध खरोखरच असेल, नातं असेल, मालमत्तेचा वाद असेल, तर तेवढीच वस्तुस्थिती कागदासह मांडा, विशेषणं नकोत. शिवाय 479 खाली अशा न्यायाधीशांना परवानगीशिवाय तो खटला चालवताच येत नाही. नव्या संहितेत ते 525 आहे.

दुसरा हल्ला उशिरावर. साक्षी विरोधात जायला लागल्यावरच अर्ज का? फितुरी झाली त्या तारखेपासून तुम्ही किती दिवसांत हललात हे आम्ही मोजतो.

तिसरा हल्ला: सौम्य उपाय हाताशी असताना टोकाचा कशाला? तुमच्या खटल्यात मला हाच सगळ्यात अवघड वाटतो. अडचण सरकारी वकिलांची असेल तर वकील बदला, कोर्ट कशाला बदलायचं? 24(8) खाली विशेष सरकारी वकील नेमता येतो, किमान दहा वर्षांची वकिली हवी, अर्ज विधी व न्याय विभागाकडे. अडचण साक्षीदारांच्या भीतीची असेल तर संरक्षण मागा. फितूर साक्षीदाराला पुन्हा बोलवायला 311 आहे. हे काहीच केलं नसेल तर अर्ज 'अकाली' म्हणून निकालात निघू शकतो. म्हणून हे सगळं आधी मागा, लेखी मागा. मिळालं तर प्रश्न सुटला. नाकारलं गेलं किंवा महिनोन्महिने उत्तर आलं नाही, तर तो नकार तुमच्या अर्जाचा कणा होतो.

आरोपीतर्फे अर्ज करणाऱ्यांसाठीही थोडं, कारण तो धागा इथे वारंवार निघतो. आरोपीने सरकारी वकिलांना लेखी नोटीस आणि कारणांची प्रत द्यावीच लागते आणि त्यानंतर किमान 24 तास गेल्याशिवाय गुणवत्तेवर आदेश होत नाही. कोर्ट त्याच्याकडून बंधपत्रही घेऊ शकतं. अर्ज त्रास देण्यासाठी केलेला आढळला तर विरोध करणाऱ्याला भरपाई. जुन्या संहितेत उच्च न्यायालयात कमाल 1000 रुपये आणि सत्र न्यायालयात 250 होते, नव्यात उच्च न्यायालयाला मर्यादा नाही, सत्र न्यायालयाला 10,000 ची आहे. स्थानिक वकील संघाने 'या आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये' असा ठराव केला असेल तर तो भक्कम आधार आहे. 2010 च्या ए. एस. मोहम्मद रफी निकालाने असे ठराव बेकायदा ठरवले आहेत. ठरावाची प्रत मिळवा; नुसत्या बातमीच्या कात्रणावर विसंबू नका.

तालुका_कोर्ट

फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. न्यायाधीशांबद्दलचा परिच्छेद काढतेय. विशेष सरकारी वकिलांसाठीचा अर्ज या आठवड्यातच जाईल.

दोन शंका. भावाची साक्ष पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत उच्च न्यायालयात निर्णय होणार नाही. 'अर्ज करत आहोत' असं सांगितलं तर खालचं कोर्ट थांबेल का? आणि खटला वर्ग झाला तर झालेल्या साक्षी परत घ्याव्या लागतात का? फिर्यादीची साक्ष उत्तम झाली आहे, ती वाया जाऊ नये.

रोजनामा

थांबणं बंधनकारक नाही. 1898 च्या जुन्या संहितेत 526(8) खाली नुसता इरादा कळवला तरी कोर्टाला तहकुबी द्यावी लागायची. 1973 च्या संहितेत ती तरतूद नाही. त्यामुळे तहकुबीच्या भरवशावर राहू नका. 407(6) खाली अंतरिम स्थगितीची मागणी मूळ अर्जातच घाला आणि तातडीने बोर्डावर (सुनावणीच्या यादीवर) घेण्यासाठी पुढच्या तारखेचा रोजनामा जोडा. स्थगिती सगळ्या खटल्याची मागण्यापेक्षा 'अमुक साक्षीदाराची साक्ष अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोंदवू नये' एवढीच मागितली तर मिळण्याची शक्यता जास्त. आरोपी कोठडीत असेल तर खटला पूर्ण थांबवायला कोर्ट कचरतं. स्थगिती असली तरी खालच्या कोर्टाचा कोठडी वाढवण्याचा अधिकार चालूच राहतो.

आदेश झाला की त्याच दिवशी खालच्या कोर्टात पुरसीस (कोर्टाला कळवणारं लेखी निवेदन) द्या, आदेशाच्या प्रतीसह. निरोप पोहोचला नाही म्हणून साक्ष होऊन गेली, असं घडू देऊ नका. सहा महिन्यांनी स्थगिती आपोआप उठते ही समजूत आता सोडा. 29 फेब्रुवारी 2024 च्या घटनापीठाच्या निकालाने तो नियम रद्द झाला.

साक्षी वाया जात नाहीत. 326(2) नुसार खटला वर्ग झाला की नवे न्यायाधीश जुन्यांचे उत्तराधिकारी मानले जातात आणि आधी नोंदलेला पुरावा तसाच वापरतात. न्यायासाठी आवश्यक वाटलं तर एखाद्या साक्षीदाराला परत बोलावू शकतात. अपवाद संक्षिप्त खटल्यांचा, तिथे पहिल्यापासून सुरुवात. 2002 च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात सर्व साक्षी नव्याने झाल्या, कारण तिथे वडोदऱ्यात निर्दोष सुटका होऊन गेली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2004 मध्ये महाराष्ट्रात फेरखटल्याचाच आदेश दिला होता. तुमचा प्रश्न त्या जातीचा नाही.

निशाणी_पाच

भावाच्या साक्षीसाठी अर्जाची वाट पाहू नका. 5 डिसेंबर 2018 च्या महेंद्र चावला निकालाने साक्षीदार संरक्षण योजना कायद्याइतकीच बंधनकारक झाली. अर्ज जिल्ह्याच्या सक्षम समितीकडे करायचा. प्रधान जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असतात. समिती पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवते आणि तो पाच कामकाजाच्या दिवसांत यायला हवा. तातडीचं अंतरिम संरक्षण त्याच अर्जात मागा. कोर्टात येण्या-जाण्याला पोलीस सोबत, साक्षीच्या वेळी दालनात गर्दीला मज्जाव, शक्य असेल तर दुसऱ्या ठिकाणाहून चित्रसंवादाने साक्ष, असं नेमकं लिहा. नुसतं 'योग्य संरक्षण द्यावे' लिहिलं तर गस्तीवरचा हवालदार घरी येऊन सही घेऊन जातो.

धोक्याचा अहवाल तुमच्या बाजूने आला तर तो 407 च्या अर्जाला जोडा. पोलिसांनीच धोका मान्य केला असेल तर सरकार पक्षाला उच्च न्यायालयात 'सगळं आलबेल आहे' म्हणणं कठीण जातं.

सत्र_लिपिक

कुठल्या जिल्ह्यात मागायचं यावर कुणी बोललं नाही. नावं सुचवायचीच असतात, कोर्टावर सोडू नका. शेजारचा जिल्हा साक्षीदारांना सोयीचा, पण आरोपीचं वजन तिथवर पोहोचत असेल तर मूळ कारणच फसतं. फार लांबचा मागितला तर गैरसोयीच्या मुद्द्यावर पडतो. दोन जिल्हे सुचवा आणि उरलेल्या साक्षीदारांची यादी द्या: किती खाजगी, किती पोलीस, किती वैद्यकीय, प्रत्येकाचं अंतर किती. यादी छोटी असेल तर गैरसोयीचा मुद्दा आपोआप हलका होतो. राज्याबाहेर जायची वेळ आली तर भाषेचा खर्च धरा. जम्मू-काश्मीरमधला कठुआ बलात्कार-खून खटला मे 2018 मध्ये पंजाबातल्या पठाणकोटला गेला तेव्हा उर्दूतले जबाब इंग्रजीत करून देण्याचा आदेशही सोबत द्यावा लागला होता. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही अडचण नाही.

आदेशानंतरचं काम कागदाचं आहे आणि उशीर तिथे होतो. अभिलेख आणि मुद्देमाल वेगवेगळे निघतात. अभिलेखाची पानं क्रमांकित आहेत का, प्रत्येक निशाणी यादीशी जुळते का, हे निघण्यापूर्वी तुमच्या उपस्थितीत तपासून घ्या. मुद्देमालाची पाकिटं नाझराच्या (कोर्टाचा मुद्देमाल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) नोंदवहीशी ताडा: आर्टिकल क्रमांक, लाखेचं सील, रासायनिक विश्लेषण अहवालावरचा क्रमांक. पेन ड्राइव्ह किंवा सीडी असेल तर तिचं पुरावा कायद्याच्या 65-ब चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र त्याच पाकिटात आहे का ते बघा. ते मागे राहून गेलं तर पुढे पुराव्यावर हरकत येते. आरोपींना नव्या कोर्टात हजर राहण्याची तारीख वर्ग करण्याच्या आदेशातच मागून घ्या, नाहीतर समन्स बजावण्यात दोन-तीन तारखा जातात. जामीनदारांचं बंधपत्र जुन्या कोर्टापुरतं लिहिलेलं असेल तर नव्या कोर्टात नवं घ्यावं लागेल.

फिर्यादी महिला असेल, किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. नकलांसाठी झालेला खर्चही त्यांच्याकडे मागता येतो.